कानावर पडतं ते डोळ्यांपुढे कसं आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दोनशेच्या आसपास माणसं. एका प्रशिक्षण संस्थेमार्फत सहा कर्णबधिर मुलं-मुली पुढच्या महिन्यात असेंब्ली आणि इन्स्पेक्शनला रुजू होणार आहेत. एचआर बघणाऱ्या बाईंनी विचारलंय, कोणती उपकरणं घ्यावी लागतील? आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय, "प्रेस शॉपच्या एका जुन्या सुपरवायझरनाही हल्ली कमी ऐकू येतं, त्यांचं काय करावं?" (प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या यंत्रांचा गोंगाटाचा विभाग.)

एकवीस वर्षं मी हेच काम करते आहे. सुरुवात साइनची, म्हणजे हातांच्या सांकेतिक भाषेची, दुभाषी म्हणून झाली. आता कर्णबधिर मुलांना नोकरी मिळवून देणं आणि मुख्य म्हणजे ती तिथे टिकतात का हे बघणं, हा माझा व्यवसाय. त्यामुळे उत्तर लांबणार. उपकरणांची यादी अगदी शेवटी देते, कारण ती छोटी आहे.

आधी एक घडलेला प्रसंग. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, लाइटच्या हिशोबाने. अशाच एका कारखान्यात मी लावलेला एक मुलगा होता. कामाला चोख, रिजेक्शन जवळजवळ नाही. एका आठवड्यात ऑर्डरच्या गडबडीत सुट्टी गुरुवारची बुधवार झाली. बुधवारी सकाळी सव्वासहाला हा पठ्ठ्या दोन बस बदलून, पावसात, गेटवर हजर. गेट बंद. वॉचमनने आतूनच हात हलवला, "जा, जा, घरी जा." मुलाने त्याचा अर्थ काय घेतला असेल? आपल्याला काढून टाकलं. तो घरी गेला आणि तीन दिवस फिरकलाच नाही. चौथ्या दिवशी त्याच्या भावाचा मला फोन आला, माझ्या भावाची चूक काय झाली म्हणून.

मी सुपरवायझरला विचारलं, सुट्टी बदलल्याचं त्याला सांगितलं कुणी होतं? तो म्हणाला, "त्यात सांगायचं काय मॅडम, सगळ्यांना माहीतच होतं."

या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. सगळ्यांना माहीत कसं झालं? कुणी नोटीस लावली नव्हती, कुणी कुणाला बसवून सांगितलं नव्हतं. चहाच्या वेळी एकजण बोलला, बसमध्ये दुसरा बोलला, बाकीच्यांच्या ते कानावर पडलं. मराठीत आपण किती नेमकं म्हणतो बघा, कानावर 'पडलं'. आपण ऐकायला गेलेलो नसतो. पाठमोरे असताना, डबा खाताना, हात धुताना ते आपसूक येऊन पडतं. ओव्हरटाइम कुणाला मिळणार आहे, नवा मॅनेजर कसा आहे, मशीन नंबर चार आज का कुरकुरतंय, पीएफचा फॉर्म कधी भरायचा. नोकरीतलं अर्ध्याहून जास्त शहाणपण आपण असं फुकट गोळा करतो. कर्णबधिर माणसाच्या कानावर काही पडत नाही. त्याला जे कुणी मुद्दाम दिलं तेवढंच त्याच्यापाशी असतं. मशीनवर त्याची अडचण फारशी नसते. ती मशीनच्या आजूबाजूला असते. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी एक दिवस शॉप फ्लोअरवर फक्त हे बघत फिरा, की आपल्याकडे कोणकोणती माहिती नुसत्या तोंडावर चालते. शिफ्ट बदलताना काय बोललं जातं, काम सुरू करण्याआधीच्या छोट्या बैठकीत, सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, काय सांगतात, ओरडून काय सांगतात, माइकवर काय पुकारतात. ती वहीत उतरवा. तुमची खरी यादी ती.

आता सहाजण. "सहा कर्णबधिर" असं एक गाठोडं बांधू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन व्याख्या आहेत. दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ७० डेसिबल ऐकण्याची घट म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० डेसिबल म्हणजे ऐकण्यास कठीण जाणारे. सर्टिफिकेटला हे ठीक आहे. पण ७० डेसिबलच्याच दोन मुली माझ्यासमोर अशा आल्यात, की एक जन्मापासून साइनमध्ये वाढलेली, श्रवणयंत्र कपाटात टाकून दिलेली आणि दुसरी आईने घरी बसून बोलायला शिकवलेली, साइन अजिबात न येणारी. दुसरीच्या शेजारी दुभाषी उभा केला तर तिला काय उपयोग? आणि पहिलीला "जरा मोठ्याने सांगते हं" म्हणून काय साधणार? तेव्हा रुजू होण्याआधी एकेकाला वेगळं भेटा, संस्थेच्या शिक्षकाला किंवा दुभाष्याला बरोबर घेऊन, आणि विचारा: तुला सांगायचं असेल तर कसं सांगू? मागून बोलवायचं तर कसं? रात्री निरोप द्यायचा तर कुठे? तिन्हींची उत्तरं सहा जणांची सहा निघतील.

शब्दांचं एक. 'मूकबधिर' म्हणू नका आणि नोटीशीत तर लिहूच नका. या मुलांचा आवाज शाबूत असतो, ती मुकी नसतात. त्यांची भाषा हाताची आहे एवढंच. ती आपसात स्वतःला 'डेफ' म्हणतात आणि तुम्हाआम्हाला 'हिअरिंग'. सरकारी कागदावर कर्णबधिर आहे, तो शब्द चालतो.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे, "लिहून दाखवू की, शिकलेली मुलं आहेत." इथे थांबा. हा मुद्दा मला नेहमी सर्वांत जास्त वेळ घेऊन समजवावा लागतो.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हाताने केलेलं मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो आणि त्याबरोबर भुवया बोलतात. नकारही शेवटी. विभक्तीचे प्रत्यय नाहीत, 'केलं, केली, केले' नाही. जन्मापासून ज्याने मराठी ऐकलंच नाही, त्याच्यासाठी लिहिलेलं मराठी ही पुस्तकातून शिकलेली परकी भाषा असते, आणि तीही बहुतेक शाळांत ओठ वाचायला आणि बोलायला लावून शिकवलेली. तुम्हाला एक दिवस चिठ्ठी येईल: "मॅडम मी उद्या गाव जा. बहीण लग्न. परत सोमवार." वाचून कुणीतरी हसेल, कुणी म्हणेल दहावी पास कसा झाला. पण त्यातली माहिती बघा, एकही गोष्ट सुटलेली नाही. कुठे, का, कधी परत, सगळं आहे. जर्मन शिकून सहा महिने झालेल्या माणसाचा जर्मन अर्ज असाच असतो आणि त्याला आपण शाबासकी देतो.

उलट्या बाजूने हे जास्त महाग पडतं. एका ठिकाणी फळ्यावर नोटीस होती: "उद्या लवकर न येता नेहमीच्या वेळी यावे." चार कर्णबधिर मुलं पहाटे पाचला येऊन बसली. त्यांना वाक्यात दिसले ते ठळक शब्द, उद्या, लवकर, यावे. मधला 'न' कुठल्या कुठे हरवला. आपल्या कार्यालयीन मराठीला तर अशी वाक्यं फार आवडतात. "सुपरवायझरची परवानगी घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नये." दोन नकार एकावर एक. हेच असं लिहा: "आधी सुपरवायझरला विचारा. मग मशीन सुरू करा." एका वाक्यात एकच गोष्ट, ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने. तारीख आकड्यात, वार शेजारी, वेळ घड्याळाच्या चित्राने. "येत्या परवाच्या गुरुवारी" असलं काही नको. आणि जिथे फोटो चालतो तिथे वाक्य लिहूच नका. बरोबर जॉबचा, म्हणजे तयार केलेल्या भागाचा, फोटो, चुकीच्या जॉबचा फोटो, चुकीवर लाल फुली. यात तुमच्या कारखान्याचा फायदा आहे, कारण लाइनवर तुमच्याकडे अँडनचे लाल-पिवळे-हिरवे दिवे, रंगीत ट्रे, फोटो लावलेली कार्डं आधीपासून असणार. नजरेने चालणारं काम कर्णबधिर मुलं डोळे मिटून करतात म्हणाल तर तेवढं सोडून सगळं करतात. माझा अनुभव असा, की त्यांना कारखाना सोपा जातो आणि ऑफिस जड.

दुसरा भरवसा असतो ओठ वाचण्यावर. "ती ओठ वाचते, तिला सगळं समजतं." नाही समजत. आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा: पाप, बाप, माप. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतील. क, ख, ग, घ तर घशात होतात, बाहेर काही दिसतच नाही. आता 'सात' आणि 'साठ' म्हणा. सात बोल्ट की साठ बोल्ट? ओठ वाचणारी माणसं दिसलेल्या थोड्यावरून बाकीचं अंदाजाने भरतात. त्यात त्यांची बुद्धी आहे, पण दिवसभर शब्दकोडं सोडवल्यासारखं ते असतं. संध्याकाळी डोकं उतरतं. विषय माहीत असेल तर अंदाज बरा लागतो, म्हणून आधी विषय सांगा: "पगाराबद्दल", मग बोला. आकडे नेहमी बोटांनी किंवा लिहून. तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. ओरडायचं नाही, ओरडताना ओठ वाकडे होतात. आणि शॉप फ्लोअरवर एक अडथळा असतो जो कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत मी वाचलेला नाही, तो म्हणजे तोंडातला मावा. तोबरा भरलेल्या सुपरवायझरचे ओठ देवालाही वाचता येणार नाहीत.

तिसरी फसवी गोष्ट म्हणजे मान डोलावणं. "समजलं का?" असं विचारलं की समोरची मान हमखास हलते. लहानपणापासून शाळेत, घरी, दवाखान्यात न समजलेल्यावर मान हलवली की लोक सुखाने पुढे जातात, हे या मुलांनी शिकलेलं असतं. ती लबाडी नव्हे, सुटका आहे. तुमच्या सुपरवायझरांना एकच नियम लावा, "समजलं का" हा प्रश्न बंद. त्याऐवजी "करून दाखव." पहिला जॉब समोर करू द्या, मोजमाप समोर घेऊ द्या. दोन मिनिटं जातात आणि पुढचे दोनशे जॉब वाचतात.

दुभाषी रोज लागत नाही. हे मी स्वतः दुभाषी असून सांगते आहे. पण काही वेळा असतात जेव्हा त्याच्याशिवाय चालवणं म्हणजे अन्याय होतो. रुजू होतानाचं प्रशिक्षण, सुरक्षेचं प्रशिक्षण, वर्षाचं अप्रेझल, अपघाताची चौकशी, कारणे दाखवा नोटीस आणि राजीनामा. हो, राजीनामाही. ठेकेदाराच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही करणारी मुलं मी पाहिली आहेत. नंतर कळलं की तो राजीनामा होता.

दुभाषी आणताना घरच्या माणसाला बसवू नका. आई आपल्या लेकाला वाचवत सांगते आणि भाऊ कंटाळून अर्धं गाळतो. मी घरची होते तेव्हा मीही गाळलंय. माझा मोठा भाऊ कर्णबधिर, छापखान्यात कंपोझिटर होता. त्या काळी कर्णबधिरांच्या शाळांत छपाई आणि शिवणकाम शिकवत. मालक दादाबद्दल बोलायचे ते सगळं मी अकरा वर्षांची असताना त्याला सांगत असे आणि कडू तेवढं वगळत असे. त्याला वाटायचं मालक खूश आहेत. म्हणून म्हणते, पैसे देऊन बाहेरचा, शिकलेला दुभाषी आणा. तासाभरापेक्षा लांब कार्यक्रम असेल तर दोघं आणा, ते वीस-वीस मिनिटांनी बदलतात, कारण त्यानंतर हात थकण्याआधी डोकं थकतं. बोलताना दुभाष्याकडे बघून "त्याला सांगा की" असं म्हणू नका. मुलाकडे बघून "तू" म्हणा. तो तुमचं बोलणं हातांतून घेईल. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सारा सनी या कर्णबधिर वकील दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. देशाच्या सरन्यायाधीशांपुढे हे चालतं, तर तुमच्या डोमेस्टिक इन्क्वायरीत, कंपनीच्या आतल्या चौकशीत, न चालायला काय झालं?

दुभाषी शोधायला मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगता संस्था आहे, १९८३ पासून. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं, तिथे दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम चालतो. त्याच केंद्राचा कोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता आणि २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला, व्हिडिओ सगळ्यांना बघता येतात. पण तुमच्या कारखान्यातले 'बर', 'फिक्श्चर', 'रीवर्क', 'गो-नो-गो' त्यात शोधत बसू नका. ते शब्द मुलं स्वतः तयार करतात. एका कारखान्यात 'रिजेक्शन'ची खूण तिथल्या क्वालिटी मॅनेजरच्या चष्मा वर सरकवण्याच्या लकबीवरून पडली होती. मॅनेजर निवृत्त झाले, खूण अजून आहे.

यावरून एक सल्ला, जो कंपन्यांना आवडत नाही. दोन दिवसांची 'साइन लँग्वेज कार्यशाळा' घेऊन, सगळ्यांना टोप्या देऊन, फोटो काढून काही होत नाही. पंधरा दिवसांत सगळे सगळं विसरतात. त्याऐवजी त्या लाइनवरच्या आठ-दहा जणांना रोज शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं, रोज दोन खुणा. शिकवणारा त्या सहांपैकीच एक आणि त्या पाच मिनिटांचा त्याला पगार. कामाच्या तीस दिवसांत साठ खुणा होतात आणि लाइन चालवायला तेवढ्या भरपूर झाल्या. शिवाय ज्याला सगळे शिकवत असतात तो सकाळी पाच मिनिटं सगळ्यांना शिकवतो, याने लाइनवर काय बदलतं ते तुम्हीच बघाल.

सुरक्षितता. इथे मी कुणाचंही "बघू नंतर" ऐकून घेत नाही, कारण एका मॉक ड्रिलमध्ये माझी झोप उडाली होती. हूटर वाजला, सगळे असेंब्ली पॉइंटला आले, हजेरी झाली, एक मुलगी कमी. ती वॉशरूममध्ये होती. निवांत केस विंचरत होती. तिच्या लाइनवर फ्लॅशर दिवा बसवलेला होता, छान झगमगत होता, पण वॉशरूममध्ये कुणी बसवला होता? तिची 'बडी', म्हणजे धोक्याच्या वेळी तिला सांगायला नेमलेली मैत्रीण, त्या दिवशी रजेवर. खरी आग असती तर, असा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

तेव्हा हूटरबरोबर चमकणारे दिवे हवेत आणि ते जिथे माणूस एकटा असतो तिथे आधी हवेत. वॉशरूम, चेंजिंग रूम, स्टोअरच्या रॅकमागे, कॉम्प्रेसर रूम. दिव्याची गती सेकंदाला एक ते दोन चमका, त्याहून जलद नको, फिट येणाऱ्यांना त्रास होतो. एकाच खोलीत दोन दिवे असतील तर ते एकाच वेळी चमकले पाहिजेत, हे पुरवठादाराला आधीच बजावा. बडी ठेवायचा तर एक नाही, प्रत्येक शिफ्टला दोन. फोर्कलिफ्टच्या पुढे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवा बसवा. आंधळ्या वळणावर बहिर्वक्र आरसा. नुसत्या हॉर्नवर चालणारा फोर्कलिफ्ट ऐकणाऱ्यांनाही प्रेसच्या आवाजात ऐकू येत नाही, त्यामुळे हा खर्च सहांच्या नावावर टाकू नका. मशीनच्या देखभालीत 'चालू करतोय रे' अशी आरोळी देऊन मेन स्विच टाकण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. बंद केलेल्या स्विचला कुलूप आणि टॅग, ज्याने लावलं त्यानेच काढायचं.

आणि हा प्रश्न मला दर वेळी कुणीतरी विचारतं, "त्यांना ऐकूच येत नाही तर इअरप्लग कशाला?" द्यायचाच. उरलेलं थोडं ऐकणंही त्यांचंच आहे आणि ते अजून जाऊ शकतं. बंद केलेलं श्रवणयंत्र म्हणजे इअरप्लग नव्हे. चालू यंत्र घालून प्रेस शॉपमध्ये उभं राहणं म्हणजे तर गोंगाट वाढवून घेणं. ज्यांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र आहे, त्यांच्या यंत्राचा बाहेरचा भाग हेल्मेटच्या पट्ट्यात अडकतो, त्यांना हेल्मेट निवडताना बरोबर घ्या. पावसाळ्यात आणि घामात यंत्रं बिघडतात, लॉकरमध्ये सिलिका जेलची डबी ठेवायला जागा द्या. छोट्या गोष्टी आहेत, पण यंत्र बंद पडलं की पोरगी आठ तास अंधारात.

आता तुमचे सुपरवायझर. तुम्ही त्यांना शेवटच्या ओळीत ढकललंत, पण मला विचाराल तर तुमच्या कारखान्यात कर्णबधिर सहा येणार आहेत आणि कमी ऐकू येणारे त्याहून जास्त आधीच आहेत. प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहणं हेच नवल. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आणि आवाजाने येणारं बहिरेपण कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतला नोंदवण्याजोगा व्यावसायिक आजार होता, हे किती मालकांना ठाऊक होतं? ही घट साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणजे आधी उंच आवाज जातात. स, श, च, फ, त, क हे बारीक आवाज गळतात आणि स्वर राहतात. म्हणून अशा माणसाचं म्हणणं ठरलेलं असतं, "ऐकू येतं हो, पण तुम्ही लोक स्पष्ट बोलत नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याला आवाज येतो, शब्द येत नाही. घरी टीव्ही मोठा, फोन टाळणं, मीटिंगमध्ये गप्प, मग हळूहळू 'तुसडे झालेत' असा लौकिक. साइन त्याला येत नाही, यायची गरजही नाही, आणि त्या सहांच्या शेजारी त्याला बसवलंत तर तो दुखावेल.

त्यांना एकट्याने बोलवा, केबिनचं दार लावून. "तुम्हाला ऐकू येत नाही अशी तक्रार आहे" असं नको. सगळ्या प्रेस शॉपची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, लावा, त्यात त्यांचीही होऊ द्या. रिपोर्ट हातात आला की श्रवणयंत्राचं बोलता येतं. यंत्र लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, सगळं अंगावर येतं आणि बरेच जण तिथेच यंत्र सोडतात. त्या काळात त्यांना गोंगाटापासून दूरचं, कागदाचं किंवा प्रशिक्षणाचं काम द्या. मीटिंगमध्ये भिंतीकडे पाठ करून, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी खुर्ची. फोनवरचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून. आणि कृपा करून पद कमी करू नका. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढायचं नाही किंवा खाली उतरवायचं नाही, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांसाठी लिहिलेलं आहे, खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू नाही. पण वीस वर्षं तुमच्या प्रेसने ज्याचे कान खाल्ले, त्याच्याशी वागायला कलम कशाला लागावं?

मीटिंगचं लवकर उरकते. एका वेळी एकाने बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा म्हणजे बघायचं कुणाकडे ते कळतं. मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारी लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखी अ‍ॅप आहेत, मराठीही घेतात. शांत खोलीत, एकाच भाषेत, एकाच माणसाचं बोलणं ती बरं लिहितात. पण आपल्या मीटिंगांची भाषा "वो लॉट का रिपोर्ट कल तक पाठवून द्या, अर्जंट है" अशी असते, त्यावर अ‍ॅप जे लिहितं ते वाचून कर्णबधिर मुलं पोट धरून हसतात. गप्पांना वापरा, चौकशीला आणि सुरक्षेला नको.

कायद्याचं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, त्याच अधिनियमाचं कलम २१ आणि त्याचे २०१७ चे नियम. त्यात कोणत्या सोयी, कोणती पदं, निवड कशी, हे सगळं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा. ते धोरण नोंदवायला राज्य आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का कर्णबधिर आणि ऐकण्यास कठीण जाणारे यांना मिळून आहे, ते तुम्हाला लागू नाही. धोरणाचा तयार मसुदा कुठूनही उतरवून मिळतो आणि म्हणूनच तो बहुतेक ठिकाणी कपाटात असतो. संपर्क अधिकारी मात्र असा नेमा, जो रोज शॉप फ्लोअरवर दिसतो. वरच्या मजल्यावर बसणाऱ्या माणसाला शोधत कर्णबधिर मुलगा जिना चढून जात नाही.

माझी सगळ्यांत मोठी तक्रार अजून राहिली. मी २००९ साली एका कंपनीत चार मुलं लावली होती. कंपनी चांगली, पगार वेळेवर, दरवर्षी सप्टेंबरात जागतिक कर्णबधिर दिनाला हारतुरे. नऊ वर्षांनी गेले तर चौघंही त्याच टेबलावर, तेच पार्ट तपासत. त्यांच्यानंतर आलेली हिअरिंग मुलं लाइन लीडर झालेली. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "ते खूश आहेत, कधी मागत नाहीत." मागणार कसे? लीडरची जागा रिकामी झाली हे चहाच्या टपरीवर ठरलं होतं. जागा निघाली की ती बोर्डवर आणि ग्रुपवर टाका, साध्या वाक्यात, आणि या सहांना वेगळं सांगा. "कर्णबधिर लीडर माणसं कशी सांभाळणार" असं कुणी म्हणालं तर मुंबईतल्या मिरॅकल कुरिअरकडे बोट दाखवा, तिथे कुरिअरचं काम कर्णबधिर माणसांनी करून दाखवलं.

सहा जणांना एकेक करून सहा लाइनवर वाटू नका, एवढं नक्की ऐका. "मिसळतील" म्हणून एचआर असं करतं आणि मूल दोन महिन्यांत सोडून जातं, कारण आठ तासांत त्याच्याशी कुणी दोन वाक्यं बोललेलं नसतं. एका शिफ्टला निदान दोघं हवेत. डब्याच्या वेळी हात चालले पाहिजेत.

यादी मागितली होती, ती अशी: हूटरला जोडलेले फ्लॅशर, वॉशरूम धरून. फोर्कलिफ्टला निळा दिवा आणि वळणावर आरसे. सहा जणांना कंपनातून इशारा देणारी साधी मनगटी घड्याळं, शिफ्टच्या आणि सुट्टीच्या गजरासाठी. वर्षाला ठरावीक तास दुभाष्याचं मानधन, हे बजेटमध्ये वेगळ्या ओळीवर, 'किरकोळ'मध्ये नको. प्रेस शॉपची ऑडिओमेट्री. आणि एक पांढरा बोर्ड, गेटच्या बाहेरच्या बाजूला, वॉचमनच्या खिडकीशेजारी, ज्यावर तो रोज संध्याकाळी उद्याची तारीख, वार आणि 'कंपनी चालू' की 'कंपनी बंद' एवढंच लिहील.